पाटी लावण्याआधी फाईल उघडा

एप्रिल उजाडला की आमच्या न्यू जर्सीच्या गावात दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात : डॉगवूडचा बहर आणि हिरवळीवर ठोकलेल्या ‘फॉर सेल’च्या पाट्या. अलीकडे त्यांतल्या काही पाट्या आपल्या ओळखीच्या घरांपुढे दिसतात. मुले शिकून दूरच्या गावी गेली, चार बेडरूमच्या घरात दोघेच उरले, आणि शरद ऋतूत पाने गोळा करता करता पाठ बोलू लागली, की विषय निघतोच.

मी पेशाने इंजिनिअर. करसल्लागार नाही, वकील तर मुळीच नाही. पण २०२४ मध्ये आम्ही आमचे ३६ वर्षांचे राहते घर विकले. त्या निमित्ताने बराच अभ्यास झाला आणि तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमांत चहाचा कप हातात घेऊन कोणी ना कोणी विचारतेच, “घर विकले म्हणे? किती आले?” खरे म्हणजे विचारायला हवे, “किती उरले?” या प्रश्नाचे निम्मे उत्तर बेसमेंटमधल्या फाईलच्या कपाटात असते आणि उरलेले निम्मे कॅलेंडरवर. एजंट ते देऊ शकत नाही. म्हणून हा लेख.

विकायचे की राहायचे?

आधी प्रकृतीचा विचार. अमेरिकेत ६५ वर्षांवरील दर चार माणसांत एकाहून अधिक जण वर्षातून एकदा तरी पडतात. आमच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, म्हणजे दर धुण्याला दोन जिने. दारात दोन जुने ओक. उन्हाळ्यात त्यांच्या सावलीने घर गार राहायचे, पण नोव्हेंबरात गटर पानांनी भरले की शिडी काढावी लागे. सौ.ने सत्तरीनंतर मला शिडीवर चढायला बंदी केली आणि ती योग्यच होती. बर्फ उपसण्याचीही तीच गोष्ट. थंड हवेत अचानक केलेल्या जड श्रमाने हृदयावर ताण येतो. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी फावडे दुसऱ्याच्या हाती द्यावे.

याचा अर्थ प्रत्येकाने विकावे असा नाही. तळमजल्यावर एक खोली आणि उंबरा नसलेला शॉवर करता येत असेल, शेजार चांगला असेल, तर राहणेही शहाणपणाचे. प्रॉपर्टी टॅक्सला कंटाळून विकणार असाल तर न्यू जर्सीत ज्येष्ठांसाठी असलेल्या ‘सीनियर फ्रीझ’ आणि ‘स्टे एनजे’ या योजनांत आपण बसतो का, ते आधी पाहा. विकायचे ठरलेच, तर पुढचे वाचा.

नफा कसा मोजतात?

पुष्कळांची समजूत असते की विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत म्हणजे नफा. तसे नाही. विक्रीच्या किमतीतून विक्रीचा खर्च वजा होतो : एजंटचे कमिशन, वकिलाची फी, ट्रान्सफर फी वगैरे. दुसऱ्या बाजूला खरेदीच्या किमतीत त्या वेळचा काही खर्च (टायटल इन्शुरन्स, वकील, मोजणी) आणि पुढे घरात केलेल्या कायमच्या सुधारणा मिळवल्या जातात. या बेरजेला कराच्या भाषेत ‘बेसिस’ म्हणतात, आपण तिला पायाभूत किंमत म्हणू. पायाभूत किंमत जितकी जास्त तितका नफा कमी.

सुधारणा कोणती आणि दुरुस्ती कोणती, याचा ढोबळ नियम असा : वाढवलेली खोली, नवे स्वयंपाकघर, नवे छप्पर, सेंट्रल एअर, नवी भट्टी, डेक, ड्राइव्हवे या सुधारणा. रंग देणे, गळका नळ बदलणे, फुटकी काच बसवणे ही दुरुस्ती, ती धरत नाहीत. १९९१ मध्ये छप्पर घातले, ते काढून २००९ मध्ये पुन्हा घातले, तर फक्त दुसरे धरता येते. जी वस्तू घरात उरलीच नाही तिचा खर्च मोजता येत नाही.

आता सूट. राहत्या घराच्या नफ्यापैकी एकट्या व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या दांपत्याला पाच लाख डॉलरपर्यंत केंद्रीय कर माफ आहे. अट अशी की विक्रीआधीच्या पाच वर्षांत एकूण दोन वर्षे घर आपल्या मालकीचे असावे आणि आपण त्यात राहिलेले असावे. दांपत्याच्या बाबतीत मालकी एकाची चालते, पण राहिलेले दोघांनीही असावे लागते. ही सूट दोन वर्षांतून एकदाच घेता येते. न्यू जर्सी राज्यही ती मान्य करते. मात्र हे आकडे १९९७ च्या कायद्यात ठरले आणि त्यानंतर महागाईनुसार वाढलेले नाहीत. तेव्हा पाच लाख नफा म्हणजे बंगलेवाल्यांची गोष्ट वाटत असे. आज झाडीतल्या साध्या कलोनियल घराचा नफाही तिथवर पोचतो.

१९९७ पूर्वी घर बदलले होते का?

हा मुद्दा आपल्या पिढीसाठी फार महत्त्वाचा, आणि तो सहज विसरला जातो. १९९७ पूर्वीचा नियम निराळा होता. एक घर विकून ठरावीक मुदतीत तेवढ्याच किंवा जास्त किमतीचे दुसरे घेतले, तर पहिल्या घराचा नफा ‘पुढे ढकलला’ जात असे. कर त्या वेळी भरावा लागत नसे, पण तो नफा नव्या घराच्या पायाभूत किमतीतून वजा होत असे. त्या वर्षीच्या रिटर्नला फॉर्म २११९ जोडलेला असायचा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी छोटे टाऊनहाऊस घेतले आणि मुले शाळेत जायच्या वेळी मोठे घर. म्हणजे तो जुना नफा आजच्या घराच्या भिंतीत अजून दडून बसलेला आहे. फॉर्म शोधा.

आमचा हिशेब

आकडे पूर्णांकात घेतले आहेत. १९८८ मध्ये घर २ लाख १० हजारांना घेतले, त्या वेळचा खर्च ४ हजार. पुढे मागची खोली वाढवली (१९९४) ४२ हजार, स्वयंपाकघर (२००३) ३८ हजार, छप्पर (२००९) १४ हजार, भट्टी आणि सेंट्रल एअर (२०१५) १६ हजार. सुधारणांची बेरीज १ लाख १० हजार. एकूण ३ लाख २४ हजार. त्यातून आधीच्या टाऊनहाऊसचा पुढे ढकललेला नफा ३० हजार वजा. पायाभूत किंमत २ लाख ९४ हजार.

घर ९ लाख २५ हजारांना गेले. कमिशन आणि इतर खर्च मिळून ५५ हजार. हाती ८ लाख ७० हजार. नफा ५ लाख ७६ हजार. सूट ५ लाख. करपात्र उरले ७६ हजार. सरसकट १५ टक्के धरले तर केंद्रीय कर ११ हजार ४०० डॉलर, शिवाय राज्याचा कर वेगळा.

आता समजा, सुधारणांच्या पावत्या नसत्या. करपात्र नफा १ लाख ८६ हजार झाला असता आणि त्याच दराने कर २७ हजार ९००. म्हणजे पिवळ्या पडलेल्या कागदांच्या एका गठ्ठ्याने साडेसोळा हजार डॉलर वाचवले. तो गठ्ठा सौ.ने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांच्या मागे खाकी पाकिटात जपला होता. डबे मी दरवर्षी टाकायला निघत असे आणि ती टाकू देत नसे. पाकीटही त्यामुळेच टिकले.

दोन गोष्टी आणखी. सुटीनंतर उरलेला नफा त्या वर्षीच्या उत्पन्नात येतो. मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावरून ठरत असल्याने दोन वर्षांनी तो एका वर्षापुरता वाढू शकतो, तेव्हा दचकू नये. आणि दांपत्याचे एकूण उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले, तर त्या वरच्या भागात येणाऱ्या नफ्यावर ३.८ टक्के जादा कर लागतो. घर विकण्याच्या वर्षातच शेअर विकणे किंवा निवृत्ती खात्यातून मोठी रक्कम काढणे शक्यतो टाळावे.

दोघांपैकी एक गेल्यावर

आमच्या मंडळातल्या एका ताईंचे यजमान सप्टेंबर २०२२ मध्ये गेले. घराचे सगळे व्यवहार ते पाहत. ताईंना कुठले बिल कुठल्या तारखेला जाते हेही ठाऊक नव्हते. ‘वर्षभर कोणताही मोठा निर्णय घेऊ नका’ असे सगळ्यांनी सांगितले, आणि दुःखाच्या दृष्टीने तो सल्ला चांगलाच आहे. मुले म्हणाली, “आई, सावकाश. तीन-चार वर्षांनी पाहू.” पण कायद्याचे घड्याळ दुःखासाठी थांबत नाही.

नियम असा : जोडीदाराच्या मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत घर विकले, पुनर्विवाह झालेला नसला आणि मृत्यूपूर्वी दोघे मिळून सुटीच्या अटीत बसत होते, तर मागे राहिलेल्या व्यक्तीलाही पाच लाखांची सूट मिळते. दोन वर्षे उलटली की ती अडीच लाखांवर येते.

दुसरा नियम दिलासा देणारा. घर पतिपत्नीच्या संयुक्त नावावर असेल तर न्यू जर्सीसारख्या राज्यात जाणाऱ्याच्या निम्म्या हिश्श्याची पायाभूत किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी होते. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन अशा राज्यांत, जिथे वैवाहिक मालमत्ता सामाईक मानतात, तिथे अशा सामाईक घराची संपूर्ण किंमत नव्याने ठरते. इथे एक सूचना : निम्म्या हिश्श्याचा हा सरळ नियम मागे राहिलेली व्यक्ती अमेरिकन नागरिक असेल तर. आपल्याकडे कित्येक घरांत एकाने नागरिकत्व घेतलेले असते आणि दुसरा ग्रीन कार्डवरच असतो. अशा वेळी घरासाठी पैसे कोणी किती भरले हे पाहिले जाते. त्यांनी वकिलाला आधीच विचारावे.

ताईंचा हिशेब पाहा. जुनी पायाभूत किंमत २ लाख ४० हजार. यजमान गेले तेव्हा घराचा भाव साडेनऊ लाख. ताईंच्या निम्म्याचे १ लाख २० हजार आणि यजमानांच्या निम्म्याचे ४ लाख ७५ हजार मिळून नवी पायाभूत किंमत ५ लाख ९५ हजार. जून २०२४ मध्ये घर ९ लाख ८५ हजारांना विकले, खर्च ६० हजार. नफा ३ लाख ३० हजार. दोन वर्षांच्या आत असल्याने सगळा माफ. हीच विक्री डिसेंबरात झाली असती तर ८० हजार करपात्र ठरले असते आणि १५ टक्क्यांनी १२ हजार डॉलर गेले असते. बारा हजार डॉलर म्हणजे ताईंच्या नव्या घराचा वर्षभराचा मेंटेनन्स.

पैशासाठी कोणी घाईने घर सोडावे असे मी म्हणणार नाही. ताईंना त्या घरात आणखी पाच वर्षे राहायचे असते, तर बारा हजार ही त्या पाच वर्षांची किंमत झाली असती आणि ती देण्यात काही गैर नव्हते. पण तारीख माहीत असून थांबणे वेगळे आणि तारीख माहीत नसल्यामुळे थांबणे वेगळे. ताईंनी तारीख फ्रिजवर लावली, दीड वर्ष शांतपणे विचार केला आणि मग ठरवले. दर ऑक्टोबरात यजमान घरात आणून ठेवायचे ती कढीपत्त्याची कुंडी त्यांनी नव्या जागी नेली आहे. आता ती बाराही महिने खिडकीतच असते.

अशा प्रसंगी एक काम मात्र लवकर करावे : मृत्यूच्या तारखेला घराची किंमत काय होती, याचे परवानाधारक अप्रेझरकडून लेखी मूल्यांकन. काही शे डॉलरचा हा कागद पुढे हजारोंना उपयोगी पडतो. पावत्या सापडत नसतील तर टाऊनच्या बांधकाम खात्यात परमिटच्या नोंदी पाहाव्यात. ताईंच्या वाढवलेल्या खोलीचे वर्ष आणि अंदाजित खर्च तिथेच मिळाले.

‘घर मुलांच्या नावावर करून टाका’

हा सल्ला गावाकडून फोनवर हमखास येतो. इथे तो महागात पडू शकतो. जिवंतपणी घर बक्षीस दिले तर मुलाला आपलीच जुनी पायाभूत किंमत चिकटते. तो त्या घरात राहत नसेल तर सूटही नाही. आमच्यासारखे घर बक्षीस मिळालेल्या मुलाने विकले, तर पावणेसहा लाखांच्या संपूर्ण नफ्यावर कर. तेच घर वारसाने मिळाले तर त्याची पायाभूत किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाइतकी होते आणि कर जवळजवळ उरत नाही. शिवाय बहुतेक राज्यांत पुढे नर्सिंग होमसाठी मेडिकेडची वेळ आली, तर आधीच्या पाच वर्षांतली बक्षिसे तपासली जातात. मुलांवर विश्वास आहे म्हणून सही करू नका. विश्वास आहे म्हणूनच मृत्युपत्र करा.

राज्य सोडताना, देश सोडताना

न्यू जर्सीतून फ्लोरिडाला जाणाऱ्यांना ‘एक्झिट टॅक्स’ची भीती घातली जाते. तो वेगळा कर नाही. क्लोजिंगच्या वेळी आपण राज्याचे रहिवासी नसू तर राज्य नफ्यावरचा अंदाजित कर आगाऊ मागते, आणि तो विक्रीच्या किमतीच्या किमान दोन टक्के असतो. रिटर्न भरल्यावर जास्तीचे परत मिळते. क्लोजिंगच्या वेळी रहिवासी असाल, किंवा सगळा नफा सुटीत बसत असेल, तर जीआयटी/आरईपी-३ या फॉर्मवर तसे लिहून देता येते. दहा लाखांवरच्या घरांसाठी मात्र एक बदल लक्षात ठेवा : पूर्वी खरेदीदार भरत असलेली जादा फी १० जुलै २०२५ पासून विकणाऱ्याकडे आली आहे.

पुण्याला परतायचा बेत असणाऱ्यांनी घर भाड्याने देऊन ‘पाहू पुढे’ म्हणण्याआधी कॅलेंडर पाहावे. पाचपैकी दोन वर्षांची अट असल्याने घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत विकले तरच सूट टिकते. भाड्याच्या काळातल्या घसाऱ्याइतक्या नफ्यावर कर लागतोच, तो सुटीत बसत नाही. भारतात कायमचे आणि सर्वसाधारण रहिवासी ठरलात की जगभरातले उत्पन्न तिथे करपात्र होते, आणि अमेरिकेची पाच लाखांची सूट भारतीय कायदा ओळखत नाही. म्हणून परतण्यापूर्वी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराशी बोला.

झाडी, टाकी आणि कमिशन

जुन्या झाडांनी रस्त्याला शोभा येते, पण खरेदीदाराचा इन्स्पेक्टर त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मुळे सांडपाण्याच्या नळात शिरली आहेत का, हे कॅमेऱ्याने तपासतात. अॅश झाड असेल तर विशेष लक्ष द्या. एमराल्ड अॅश बोअरर ही कीड अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडली आणि २०१४ मध्ये न्यू जर्सीत पोचली. तिने मारलेले झाड ठिसूळ होते, ते जितके उशिरा कापाल तितके धोक्याचे. पण कापण्याआधी टाऊनचा परवाना लागतो का ते विचारा.

जुन्या घरांच्या अंगणात तेलाची टाकी पुरलेली असू शकते. आपण गॅसवर कधीच गेलो असलो तरी टाकी खालीच असते. ती गळकी निघाली तर व्यवहार मोडू शकतो, म्हणून शोध आपणच आधी घ्यावा. रेडॉनची पातळी ४ पिकोक्युरी किंवा अधिक असेल तर उपाय करा. १९७८ पूर्वीचे घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दल आपल्याला असलेली माहिती लेखी देणे कायद्याने बंधनकारक आहे. बेसमेंट परमिटशिवाय बांधून घेतले असेल तर ते आता नियमित करून घ्या. स्मोक डिटेक्टर आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्मचे प्रमाणपत्रही लागते.

कमिशनबाबत : १७ ऑगस्ट २०२४ पासून पद्धत बदलली. खरेदीदाराच्या एजंटला किती द्यायचे, हे आता एमएलएसच्या यादीत लिहिले जात नाही. खरेदीदाराने घर पाहण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करायचा असतो. विकणारा ती रक्कम देऊ शकतो, पण दिलीच पाहिजे असे नाही. म्हणजे प्रत्येक टक्का बोलून ठरवा. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण इथे मात्र संकोचतो!

ओपन हाऊसच्या दिवशी आमच्या एजंटबाईंनी फोडणी करू नका म्हणून सांगितले, ते आम्ही मुकाट्याने ऐकले. देवघर झाकायचे का, यावर मात्र त्या स्वतःच हसल्या. सकाळपासून आलेल्या दोन कुटुंबांनी दार पूर्वेला आहे का, हेच आधी विचारले होते.

शेवटी, क्लोजिंगच्या सुमारास ‘खाते क्रमांक बदलला आहे’ अशी ईमेल आली तर पैसे हलवू नका. आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा.

या शनिवारी करायची पाच कामे

१. दोघांनी मिळून टेबलाशी बसा. एकट्याने नको.

२. खरेदीचे क्लोजिंग स्टेटमेंट, सुधारणांच्या पावत्या आणि असल्यास फॉर्म २११९ एका फाईलमध्ये लावा.

३. डीडवर नावे कोणाची आणि कशी आहेत ते वाचा. दोघांचे नागरिकत्वही त्याच कागदावर लिहा.

४. आजचा अंदाजे भाव धरून वर दाखवल्याप्रमाणे हिशेब मांडा.

५. फाईल कुठे ठेवली ते मुलांना सांगा.

घर विकायचे नसले तरी ही कामे करा. प्रत्येकाचे कागद वेगळे असतात, म्हणून सही करण्याआधी आपल्या सीपीएला आणि वकिलाला जरूर विचारा. पण त्यांच्याकडे जाताना हात रिकामे नसावेत. तयार फाईल घेऊन गेलात तर त्यांचा वेळही वाचतो आणि आपली फीसुद्धा.